पॅसेंजरने पोलंड

महाराष्ट्रातून निघणाऱ्या पूर्व युरोपच्या सहलींत पोलंडच्या वाट्याला बहुतेक वेळा एक-दोन रात्री येतात. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही नावे पत्रकावर ठळक अक्षरांत, आणि त्यांच्या अधेमधे कुठेतरी क्राकोव. तिथला चौक, व्येलिच्काची मिठाची खाण, ऑश्विट्झसाठी अर्धा दिवस, की पुन्हा बस. वॉर्सा, ग्दान्स्क, व्रोत्सवाव ही शहरे आणि दक्षिणेची अख्खी डोंगररांग बसच्या वाटेत येत नाही, म्हणून ती प्रवाशाच्या गावीही नसते. हा त्या देशावर अन्याय आहे, आणि लाखांत पैसे मोजून जाणाऱ्या प्रवाशावरही.

पोलंडचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढे. लोकसंख्या मात्र आपल्या राज्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. उत्तरेला बाल्टिक समुद्र, मध्ये शेकडो किलोमीटर सपाट शेती, आणि दक्षिण सीमेवर पश्चिमेकडून पूर्वेकडे कार्कोनोशे, बेस्किड, टाट्रा, ब्येश्चादी असे डोंगर. समुद्रकाठच्या ग्दिन्यात सकाळी गाडीत बसलेला माणूस रात्रीचे जेवण टाट्राच्या पायथ्याशी घेऊ शकतो. हा देश पाहायचा तर रेल्वेने पाहावा, आणि त्यातही हातचे काही दिवस डोंगराकडे जाणाऱ्या साध्या, दर स्टेशनाला थांबणाऱ्या गाड्यांसाठी राखून ठेवावेत. त्याला कारण आहे. पोलंडचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास जितका त्याच्या रुळांवर दिसतो, तितका तो राजवाड्यांतही दिसत नाही.

आजच्या पोलंडच्या भूमीवरची पहिली रेल्वे २२ मे १८४२ रोजी व्रोत्सवाव ते ओवावा अशी धावली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या अकरा वर्षे आधी. पण त्या दिवशी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत त्याचे तीन वाटे करून घेतले होते, आणि १९१८ उजाडेपर्यंत ते तसेच राहिले. रेल्वे आली ती या तीन सम्राटांच्या सोयीने. प्रशियाने आपल्या वाट्यात दाट जाळे विणले. ऑस्ट्रियाने दक्षिणेत डोंगराच्या कडेकडेने मार्ग नेले. रशियाने हात आखडता घेतला, आणि जे मार्ग टाकले त्यांतले बहुतेक स्वतःच्या रुंद रुळांचे ठेवले. वॉर्सा-व्हिएन्ना हा ठळक अपवाद. त्याचा पहिला टप्पा १८४५ मध्ये सुरू झाला, १८४८ मध्ये तो ऑस्ट्रियाच्या हद्दीला भिडला, आणि रशियाच्या ताब्यातल्या प्रदेशातून जात असूनही त्याचे रूळ युरोपच्या मापाचे होते.

१९१८ मध्ये देश पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याच्या हाती आली ती तीन वेगवेगळ्या राज्यांची मोडकीतोडकी रेल्वे, जिच्या रुळांची दिशा बर्लिन, व्हिएन्ना आणि सेंट पीटर्सबर्गकडे होती. ग्दान्स्क हे बंदर 'मुक्त शहर' ठरले होते, म्हणून पोलंडने ग्दिन्या या कोळ्यांच्या वस्तीचे बंदर केले आणि सायलेशियाच्या कोळसा खाणींपासून तिथवर नवा लोहमार्ग टाकला. फ्रेंच भांडवलाच्या मदतीने तो १९३३ मध्ये पुरा झाला. इतके करूनही जुन्या वाटण्यांची शिवण पूर्ण बुजली नाही. आजही पोलंडचा रेल्वे नकाशा समोर धरला, तर पश्चिमेला रुळांचे दाट जाळे आणि पूर्वेला मोठमोठ्या मोकळ्या जागा दिसतात. शंभर वर्षांपूर्वी पुसली गेलेली सरहद्द तिथे बोटाने दाखवता येते. पश्चिमेच्या डोंगरात गाडी जवळजवळ प्रत्येक थंड हवेच्या गावाला जाते आणि पूर्वेच्या ब्येश्चादीत प्रवाशाला बसची वाट पाहावी लागते, त्याचे मूळही इथेच.

वॉर्साचे मध्यवर्ती स्टेशन, वॉर्सा सेंट्राल्ना, डिसेंबर १९७५ मध्ये घाईघाईने उघडले गेले. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह येणार होते, त्यांना दाखवायचे होते. आर्सेनियुश रोमानोविच या वास्तुविशारदाचे हे काम मूळचे देखणे. पुढे ते इतके कळकट झाले की पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. २०१२ च्या युरो फुटबॉल स्पर्धेआधी त्याची साफसफाई आणि दुरुस्ती झाली, आणि शहराला ते पुन्हा आवडू लागले. वर मोठे उजेडाचे सभागृह आणि खाली जमिनीच्या पोटात फलाट. बाहेर पडताच समोर स्टालिनच्या काळातला २३७ मीटर उंचीचा संस्कृती प्रासाद आणि त्याच्या भोवती गेल्या काही वर्षांत उठलेल्या काचेच्या इमारती.

पहिल्यांदा जाणाऱ्याने इथे दहा मिनिटे नुसते उभे राहावे. पोलंडच्या स्टेशनांवर सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक पिवळ्या कागदावर असते आणि येणाऱ्यांचे पांढऱ्यावर. जलद गाड्या लाल अक्षरांत, बाकीच्या काळ्या. फलाटाचा क्रमांक वेगळा आणि रुळाचा वेगळा असतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच गोंधळतो. दुसऱ्या क्रमांकाच्या फलाटावर तिसरा आणि पाचवा रूळ असू शकतो, तेव्हा दोन्ही आकडे पाहायचे. हे एकदा डोक्यात बसले, की उरलेल्या देशात कुठेही अडत नाही. मोबाइलवर सगळे मिळत असतानाही पोलंडने हे पिवळे कागद ठेवले आहेत. म्हातारी माणसे त्यांच्यापुढे चष्मा वर करून, बोट फिरवत उभी असतात.

याच शहरातून १८९१ मध्ये चोवीस वर्षांची एक तरुणी शिकायला पॅरिसला निघाली. मारिया स्क्वोदोव्स्का. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. हाती पैसे इतके थोडे की जर्मनीतला टप्पा तिने चौथ्या वर्गाच्या डब्यातून केला, जिथे बसायला बाकही नसे. त्यासाठी तिने घडीची खुर्ची सोबत नेली होती. ती मादाम क्युरी झाली हे आपल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. तिला पॅरिसला बोलावून घेणारी मोठी बहीण ब्रोनिस्वावा हिचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. तिच्याकडे आपण टाट्राच्या वाटेवर येऊ.

वॉर्साहून उत्तरेला ग्दान्स्क आणि दक्षिणेला क्राकोव, दोन्हीकडे जलद गाडीने अडीच-तीन तासांत पोहोचता येते. दक्षिणेकडचा मार्ग १९७० च्या दशकात बांधला गेला तो मुख्यतः सायलेशियाचा कोळसा वाहून नेण्यासाठी. रूळ सरळ, वळणे सैल, वाटेत मोठे शहर नाही. कोळशासाठी आखलेला हाच मार्ग पुढे देशातला सर्वांत वेगवान ठरला. नोव्हेंबर २०१३ मध्ये आल्स्टोम कंपनीच्या पेंडोलिनो गाडीने चाचणीत ताशी २९३ किलोमीटरचा वेग याच मार्गावर गाठला, आणि डिसेंबर २०१४ पासून या गाड्या प्रवाशांसाठी धावू लागल्या. वेळ वाचवायचा असेल तर त्या उत्तमच. खिडकीबाहेर मात्र फारसे काही नसते.

ग्दान्स्कच्या वाटेवर तसे नाही. समुद्र जवळ येऊ लागला की गाडी नोगात नदीचा पूल ओलांडते, आणि काठावर मालबोर्कचा लाल विटांचा किल्ला उभा राहतो. ट्युटॉनिक सरदारांनी तेराव्या शतकात बांधायला घेतलेला हा किल्ला क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा मानला जातो. १९४५ च्या लढाईत त्याची निम्म्याहून अधिक पडझड झाली होती, आणि पोलंडने तो विटेला वीट लावून पुन्हा उभा केला. पुलावरून तो पुरा एक मिनिटही दिसत नाही. तेव्हा ग्दान्स्ककडे जाताना मालबोर्कला उतरावे, सामान लॉकरमध्ये ठेवावे, चालत किल्ला पाहावा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने पुढे जावे. सहलीच्या बसला हे जमत नाही, रेल्वेच्या प्रवाशाला सहज जमते.

ग्दान्स्क, सोपोत आणि ग्दिन्या ही तिन्ही शहरे लोकल गाडीने जोडलेली आहेत, आणि मुंबईकराला तिथे अर्ध्या तासात घरच्यासारखे वाटू लागते. ज्या गोदीत १९८० च्या ऑगस्टमध्ये संप झाला आणि 'सॉलिडॅरिटी' उभी राहिली, ती ग्दान्स्कच्या मुख्य स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ग्दिन्याहून पुढे हेल नावाच्या वाळूच्या लांब पट्टीवर गाडी जाते. काही ठिकाणी ती जमीन इतकी चिंचोळी आहे की एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला उपसागर आणि मध्ये रस्ता, रूळ आणि पाइनची झाडे एवढेच मावते.

क्राकोवबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगण्यासारखे कमी आहे. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात अवघी बारा ठिकाणे होती. त्यांतली दोन म्हणजे क्राकोवचे जुने शहर आणि जवळची व्येलिच्काची खाण. खाणीपर्यंत उपनगरी गाडी जाते आणि अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते, त्यासाठी बसची सहल घेण्याची गरज नाही. बोलायला हवे ते ऑश्विट्झबद्दल.

क्राकोवच्या हॉटेलांतून ऑश्विट्झची 'डे ट्रिप' मिळते. मिठाच्या खाणीसोबत जोडूनही मिळते. एका दिवसात दोन्ही. हे थांबायला हवे. मराठी पर्यटन कंपन्यांनी तरी ते आपल्या पत्रकातून काढून टाकावे. जिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, ती जागा जेवणाआधी उरकण्याची नाही. बस थेट संग्रहालयाच्या दाराशी सोडते हे खरे. तरीही तिथे रेल्वेने जावे. ऑश्विट्झचे पोलिश नाव ओश्फ्येंचिम, आणि ते आजही एक चालते-बोलते गाव आहे. त्याच्या साध्या स्टेशनवर शाळेची मुले उतरतात, बाया बाजाराच्या पिशव्या घेऊन चढतात. तिथून चालत निघाले की ही छावणी इथेच का झाली, ते पायांना कळते. सायलेशिया, क्राकोव आणि व्हिएन्ना या तिन्ही दिशांचे मार्ग या गावात एकत्र येतात. मारेकऱ्यांनी ही जागा निवडली त्यामागे हे जंक्शन हे एक मोठे कारण होते.

ऑश्विट्झ आणि बिर्केनाऊ या दोन छावण्यांच्या मधोमध जुना उतार-फलाट आहे. तिथे त्या काळातले मालडबे ठेवलेले आहेत. १९४४ च्या वसंतापर्यंत माणसे इथे उतरवली जात. मग हंगेरीतल्या ज्यूंना आणण्याची तयारी म्हणून रूळ थेट बिर्केनाऊच्या दारातून आत नेले गेले, आणि त्या मे ते जुलैमध्ये चार लाखांहून अधिक माणसे हंगेरीतून पाठवली गेली. जर्मन रेल्वेने या प्रवासाचे भाडे लावले होते. तिसऱ्या वर्गाचे, एकेरी. चार वर्षांवरच्या मुलांना अर्धे तिकीट आणि मोठ्या गटाला सवलत. एरवी शाळेच्या सहलीचे भाडे ठरवणाऱ्या कारकुनांनीच हे हिशेब केले. रेल्वे ही माणसाची फार मोठी निर्मिती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या फलाटावर उभे राहायलाच हवे. संग्रहालयात प्रवेशाला पैसे नाहीत, पण नावानिशी पास आधी घ्यावा लागतो, आणि दिवस पुरा द्यावा लागतो.

त्यानंतर डोंगराकडे जावे.

क्राकोवहून झाकोपानेला जाणारी गाडी आधी उपनगरे, मग टेकड्या, मग लाकडी छपरांची गावे मागे टाकत चढत जाते. १८९९ मध्ये रूळ इथे पोहोचले तेव्हा झाकोपाने हे मेंढपाळांचे खेडे होते, पण क्षयरोग्यांना मानवणाऱ्या हवेमुळे त्याचे नाव झाले होते. व्वादिस्वाव झामोयस्की या उमरावाने दहा वर्षे आधी इथली जंगले लिलावात घेऊन तोडीपासून वाचवली होती, आणि रेल्वे यावी म्हणूनही खटपट केली होती. त्याची इस्टेट पुढे राष्ट्राला मिळाली. टाट्राचे राष्ट्रीय उद्यान ज्या जमिनीवर उभे आहे, तिचा मोठा भाग तीच. क्युरीबाईंची बहीण ब्रोनिस्वावा आणि तिचा नवरा काझिमिएश द्वुस्की, दोघे डॉक्टर, यांनी १९०२ मध्ये झाकोपानेजवळ क्षयाचे आरोग्यधाम उघडले. धाकटीने रेडियम शोधले, थोरलीने डोंगरात रुग्णालय उभारले. रेल्वे नसती तर तिथवर रुग्ण पोहोचले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

१९३६ मध्ये 'लक्सटॉर्पेडा' नावाच्या सुबक डिझेल गाडीने क्राकोव ते झाकोपाने हे अंतर २ तास १८ मिनिटांत कापले. तो विक्रम पुढे अनेक दशके टिकला. मधल्या काळात रूळ जुने झाले, आणि वाटेत इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे, कारण मार्ग जंक्शनांवर उलटा फिरत होता. गेल्या काही वर्षांत क्राकोव शहरात आणि सुखा बेस्किद्स्का येथे जोडमार्ग टाकून ही कसरत कमी केली गेली आहे. एकीकडे डोंगरात जाणाऱ्या महामार्गावर सुट्टीच्या दिवशी तासन् तास गाड्या अडकतात, आणि दुसरीकडे जवळपास नव्वद वर्षांत रेल्वेचा वेळ जिथल्या तिथे राहावा, हे पोलंडसारख्या देशाला शोभत नाही. तिथले लोकही हे बोलतात, आणि बरोबर बोलतात.

झाकोपाने आता गर्दीचे गाव आहे. क्रुपुव्की या मुख्य रस्त्यावर उन्हाळ्यात चालणे मुश्कील होते. पण त्याच रस्त्याच्या कडेला डोंगरी बायका ओस्त्सिपेक विकायला बसतात. ते मेंढीच्या दुधाचे, धुरावर पिकवलेले, लाकडी साच्याने नक्षी उमटवलेले चीज असते. निखाऱ्यावर भाजून वर क्रॅनबेरीचा आंबटगोड मुरंबा घालून देतात. दाताखाली ते किंचित करकरते आणि धुराची चव बराच वेळ जिभेवर राहते. २००८ पासून युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षण दिले आहे. गावातून कास्प्रोवी वेर्ख या १९८७ मीटर उंच शिखरावर रोपवे जातो. तो १९३६ मध्ये झाला तेव्हा निसर्गरक्षकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. आज वर उभे राहिले, की दोन्ही बाजू बरोबर होत्या असे वाटते. धडधाकट नसलेल्या माणसालाही टाट्राचा कणा दिसायला हवा, आणि त्या कण्यावर रोज इतकी माणसे उतरायलाही नकोत.

या लेखाचा खरा जीव मात्र टाट्रात नाही. तो आहे पश्चिमेला, लोअर सायलेशिया प्रांतात, जिथे व्रोत्सवाव हे मुख्य शहर आहे आणि कार्कोनोशे हा डोंगर.

१९८९ नंतर साम्यवादी राजवट गेली आणि रेल्वेच्या तोट्याकडे बोट दाखवत मार्ग बंद होऊ लागले. मोटारी वाढल्या, गाड्या कमी झाल्या. गाड्या कमी म्हणून प्रवासी घटले, आणि प्रवासी घटले म्हणून आणखी गाड्या कमी झाल्या. २००० च्या एप्रिलमध्ये तर एका फटक्यात सुमारे हजार किलोमीटर मार्गांवरची प्रवासी वाहतूक थांबली. श्न्येश्का शिखराच्या पायथ्याचे कार्पाच हे गाव १८९५ पासून रेल्वेवर होते, त्याची गाडीही त्याच वर्षी गेली. स्टेशनची इमारत रिकामी राहिली आणि पुढे तिथे खेळण्यांचे संग्रहालय आले. रुळांत झुडपे वाढली. हिशेबनिसांच्या दृष्टीने विषय संपला होता.

लोअर सायलेशियाच्या प्रांतिक सरकारने तो संपू दिला नाही. त्यांनी स्वतःची रेल्वे कंपनी काढली, आणि राष्ट्रीय रेल्वेला नको असलेले मार्ग एकेक करून ताब्यात घेतले. रूळ नव्याने टाकले, गावाच्या मध्याजवळ थांबे दिले, आणि दिवसातून दोन नव्हे तर उपयोगी पडतील इतक्या गाड्या सोडल्या. २०१९ मध्ये बिएलावा, २०२२ मध्ये सोबुत्का मार्गे श्विद्नित्सा, २०२३ च्या डिसेंबरात डोंगरातले श्वेरादुव, आणि जून २०२५ मध्ये, पाव शतकानंतर, कार्पाच. आज येलेन्या गुरा येथे गाडी बदलून प्रवासी पुन्हा रेल्वेने श्न्येश्काच्या पायथ्याशी उतरतो.

याला धोरण म्हणतात. देशभरातले आकडेही हेच सांगतात. पोलंडमध्ये २०२४ साली रेल्वेने ४० कोटींहून अधिक प्रवास झाले, आणि या शतकातला तो उच्चांक होता. शतकाच्या सुरुवातीला, मार्ग तोडणे जोरात असताना, हा आकडा ३० कोटींच्याही खाली घसरला होता. गाडी आली की माणसे येतात. आधी माणसे दाखवा, मग गाडी देऊ, असे म्हणणाऱ्यांनी जगभर छोट्या गावांचे नुकसान केले आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

व्रोत्सवावहून येलेन्या गुरापर्यंतचा दोनेक तासांचा प्रवास वाउब्झिखच्या जुन्या कोळसा पट्ट्यातून वळणे घेत चढतो. या मार्गावर जर्मनांच्या काळातच विजेची इंजिने धावत होती. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने तारा, खांब, इंजिने उचलून नेली, आणि पोलंडला ते सारे पुन्हा उभारावे लागले. येलेन्या गुराहून एक फाटा श्क्लार्स्का पोरेंबाला जातो आणि तिथून सीमा ओलांडून चेकियात. दुसऱ्या महायुद्धानंतर तुटलेला हा सीमेवरचा दुवा २०१० मध्ये पुन्हा जुळला. वाटेतले याकुशित्से हे स्थानक ८८६ मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथे स्कीच्या लांब पट्ट्या खांद्यावर घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे गाडीतून उतरतात.

श्न्येश्का १६०३ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा ४३ मीटरने बुटके. आकड्यावरून फसू नये. माथ्यावर वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास असते आणि वारा माणसाला उभे राहू देत नाही. माथ्यावर १९७४ मध्ये बांधलेली वेधशाळा तीन तबकड्या एकमेकींवर ठेवल्यासारखी दिसते. पाऊलवाट थेट पोलंड-चेक सीमेवरून जाते, आणि दोन्ही देशांचे लोक एकमेकांना नमस्कार करत चढत असतात.

या प्रांतातली माणसे बहुतेक मूळची इथली नव्हेत, हेही रेल्वेनेच घडवले. १९४५ मध्ये सीमा पश्चिमेला सरकल्या. इथल्या जर्मनांना जर्मनीत पाठवले गेले, आणि सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्व पोलंडमधून, लव्हूव (आजचे लव्हिव) सारख्या शहरांतून, पोलिश कुटुंबे मालगाड्यांत गुरेढोरे, भांडीकुंडी घालून इथे आली. लव्हूवच्या ओसोलिनेउम ग्रंथसंग्रहाचा एक हिस्सा आणि रात्सवावित्सेच्या लढाईचे भव्य वर्तुळाकार चित्र १९४६ मध्ये असेच व्रोत्सवावला पोहोचले. आज ते चित्र पाहायला रांग लागते.

इथेच या कहाणीचा एक धागा कोल्हापूरला येऊन मिळतो. त्याच पूर्व पोलंडमधून १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने लाखो लोकांना मालडब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते. त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यात स्त्रिया आणि मुले अधिक. शाळा, चर्च, नाटके, स्काउट, सगळे तिथे होते. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे पोलंडमध्ये उरली नव्हती, म्हणून पुष्कळ जण तिसऱ्याच देशांत गेले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. वॉर्साला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तिथे जावे. आपल्या सहलींच्या पत्रकात ते क्वचितच असते, याचे वाईट वाटते.

ऐंशी वर्षांनी ऋण फेडण्याची वेळ आली ती प्शेमिश्लला. युक्रेनच्या सीमेवरच्या या स्टेशनावर युरोपच्या मापाचे आणि जुन्या रशियन मापाचे असे दोन्ही रूळ येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि कीव, लव्हिवकडून भरून आलेल्या गाड्या इथे रिकाम्या होऊ लागल्या. स्टेशनाच्या नक्षीदार सभागृहात स्वयंसेवक गरम सूप, ब्लँकेटे, मोबाइलची सिमकार्डे वाटत उभे होते. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे आपले विद्यार्थीही याच भागातून पोलंडमध्ये शिरले आणि जवळच्या झेशुवहून भारत सरकारच्या विमानांनी परतले. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत प्शेमिश्ल आणि झेशुव ही नावे तेव्हा पहिल्यांदा उच्चारली गेली.

लांबच्या गाडीत जेवणाचा डबा असेल तर तो चुकवू नये. 'वार्स' ही कंपनी १९४८ पासून ही सेवा देते आणि तिथे अंडी, सूप, तळलेले कटलेट आजही स्वयंपाकी डब्यातच करतो. शाकाहारी माणसाने बटाटा आणि पनीरसारख्या ताज्या चीजचे सारण घातलेल्या पिएरोगी मागाव्यात, मोदकाच्या उकडीवर वाढलेल्याला त्या परक्या वाटत नाहीत. जलद गाड्यांचे तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते, आणि त्यावर डब्याचा आणि आसनाचा क्रमांक असतो. प्रांतिक गाड्यांत आरक्षण नसते. छोट्या स्टेशनावर खिडकी बंद असेल तर गाडीत चढून कंडक्टरकडे तिकीट मागायचे.

वेळापत्रक दर डिसेंबरच्या मध्याला बदलते आणि वर्षभरात आणखी दुरुस्त्या होतात. डोंगराकडच्या मार्गांवर कामे चालू असतात, तेव्हा काही टप्प्यांत गाडीऐवजी रेल्वेचीच बस मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत शाळांच्या हिवाळी सुट्ट्या असतात, त्या काळात झाकोपानेच्या गाड्या भरून जातात. जुलै-ऑगस्टमध्ये हेलच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. मराठी प्रवाशाने मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर निवडावा, ग्दान्स्कपासून सुरुवात करून दक्षिणेकडे यावे, आणि कार्पाचसाठी निदान तीन रात्री ठेवाव्यात, कारण श्न्येश्कावर पहिल्याच दिवशी ढग नसतील याची खात्री कुणी देत नाही.